‘ळ’ आपला आहे, पण आपल्या एकट्याचा नाही

२७ फेब्रुवारी जवळ आला की तो फॉरवर्ड हमखास येतो: ‘ळ हे अक्षर फक्त मराठीत आहे!’ खाली भगवे झेंडे, हात जोडलेले. अहो, शेजारच्या गुजरातीत बघा की. कन्नड, तेलुगू, मल्याळम, ओडिया सगळीकडे ळ नांदतोय. राजस्थानी, हरयाणवी बोलणारेही ‘काळा’च म्हणतात, फक्त प्रमाण हिंदीने त्याला दारात उभं केलं नाही. आमच्या ऑफिसातला केरळचा मुलगा पहिल्या दिवसापासून ‘मिसळ’ ठणठणीत म्हणतो, दिल्लीवाला अजून ‘मिसल’वरच आहे. केरळवाल्याला कोण शिकवणार? त्याच्या राज्याच्या नावातच ळ आहे.

आणि वय विचाराल तर ऋग्वेदाची सुरुवातच ‘अग्निमीळे पुरोहितम्’ अशी आहे. तिथे दोन स्वरांच्या मधे सापडलेल्या ड चा ळ होतो. पुढच्या अभिजात संस्कृतात हा ळ गायब, ‘अग्निमीळे’तल्या ‘ईळे’चं परत ‘ईडे’. म्हणूनच बिचारा आपल्या वर्णमालेत ह च्या मागे, शेपटाला बसलाय. पाणिनीय संस्कृताच्या पंगतीत त्याचं पान नव्हतं.

ड आणि ळ चं हे साटंलोटं मला फार आवडतं, कारण ते आजही चालू आहे. तमिळमध्ये ळ आहेच, शिवाय त्याच्याहून वेगळा असा आणखी एक उच्चार आहे. जीभ मागे वळते पण टाळूला टेकत नाही. खुद्द ‘तमिळ’ या नावाच्या शेवटी तोच आहे. आपल्याकडे तो नाही, म्हणून आपण ‘द्रविड मुन्नेत्र कळघम’ लिहितो. हिंदी पेपर ‘कड़गम’ छापतात. इंग्रजीवाले त्याच उच्चाराला झेड-एच लावतात आणि मग आपण ‘कोझिकोड’ वाचत बसतो. एकच अक्षर, तीन सोंगं. देवनागरीत त्याच्यासाठी ळ खाली नुक्ता देऊन ‘ऴ’ केलेला आहे, पण वापरतो कोण?

आता माझं खरं दुखणं. ळ चा अभिमान मिरवणारी हीच मंडळी वऱ्हाडातल्या माणसाने ‘डोया’, ‘उन्हाया’ म्हटलं की फिदीफिदी हसतात. आगरी माणसाच्या ‘सगले’वर रील बनवतात. तिथे ळ चा य किंवा ल झालाय तो बोलीच्या रीतीने, पिढ्यान् पिढ्या, सगळ्यांच्या तोंडी सारखा. त्यात अशुद्ध काय आहे? वैदिक ऋषींनी ड चा ळ केला तर ते आर्ष, आणि आमच्या अकोल्याच्या काकूंनी ळ चा य केला तर गावंढळ?

मात्र पगार घेऊन प्रमाण मराठीत बातम्या वाचणाऱ्यांना ही सवलत नाही. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘मूल’ आणि ‘मूळ’, ‘माल’ आणि ‘माळ’ यांत फरक करता येत नसेल तर माइकसमोर बसू नये. इलाज सोपा आहे: जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावायचं, तिथून पुढे सोडायचं, आणि ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ रोज घोकायचं. फुकट आहे.

बरं, तुमच्याकडे केळ्याला काय म्हणतात? केयं, केलं, की आणखी काही? गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. आणि खाली कुणी ‘शुद्ध बोला’ लिहिलं, तर ती कमेंट मी उडवणार आहे.