मार्क आधी की मत्तय : प्रतिक्रियेला उत्तर

बायबलच्या नव्या करारातल्या शुभवर्तमानांपैकी (येशूच्या चरित्रांपैकी) मार्कचं आधी लिहिलं गेलं आणि मत्तयने ते समोर ठेवून लिहिलं, असं माझं म्हणणं. त्यावर तुमचा आक्षेप दुहेरी आहे. मार्कचं शुभवर्तमान लहान, एवढ्यावरून अभ्यासक ते आधीचं ठरवतात, प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिन तर मार्कला मत्तयचा संक्षेप करणारा मानतो. शिवाय सारखेपणा तोंडी परंपरेतूनही आला असेल.

नुसत्या लांबीवरून काही ठरत नाही, हे मान्य. पण एकेक प्रसंग मोजा. याइराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडित स्त्री : मार्क 5:21-43, म्हणजे 23 वचनं, मत्तय 9:18-26, अवघी 9. संक्षेप करणारा मत्तयमधलं डोंगरावरचं प्रवचन आणि प्रभूची प्रार्थना गाळतो आणि गोष्टी मात्र वाढवतो? पटत नाही.

खरा पुरावा मत्तयच्या 14व्या अध्यायात आहे. हेरोद अंतिपा गालीलचा मांडलिक. राजा हा किताब रोमने त्याला कधीच दिला नाही. मार्क (6:14) त्याला बेधडक राजा म्हणतो. मत्तय 14:1 मध्ये ते सुधारून ‘मांडलिक’ करतो आणि 14:9 मध्ये पुन्हा ‘राजा’ लिहून बसतो! पुढचं तर जास्तच बोलकं. मत्तय 14:5 नुसार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला मारायचं हेरोदाच्याच मनात आहे, फक्त लोकांची भीती आड येते. मग योहानाचं शिर मागितलं गेल्यावर हेरोदाला वाईट का वाटावं? उत्तर मार्कमध्ये (6:19-20) : जिवावर उठली होती हेरोदाची बायको हेरोदिया, हेरोद योहानाला जपत होता. मत्तयने सुरुवात बदलली, पण पुढे समोरचा मजकूर तसाच उतरला. मार्कने मत्तयवरून लिहिलं असं धरून हा घोळ सोडवून दाखवा.

तोंडी परंपरा होतीच. पण ‘वाचणाऱ्याने हे समजून घ्यावे’ ही मधेच घातलेली सूचना मार्क 13:14 आणि मत्तय 24:15 मध्ये त्याच जागी आहे. ऐकीव गोष्टीत वाचणारा कुठून आला?

‘क्यू’बद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. मार्कमध्ये नसलेली, मत्तय आणि लूकमध्ये समान असलेली सुमारे 230 वचनं समजावण्यासाठी मानलेला हा स्रोत. त्याचं हस्तलिखित एकही नाही. त्यात भर म्हणजे, येशूला मारणाऱ्यांचा ‘तुला कोणी मारलं?’ हा प्रश्न मत्तय 26:68 आणि लूक 22:64 मध्ये ग्रीकमध्ये शब्दशः एक, आणि मार्क 14:65 मध्ये नाही. लूकने मत्तय वाचला होता, म्हणून ‘क्यू’ची गरजच नाही, ही इंग्रज धर्मशास्त्रज्ञ ऑस्टिन फॅरर यांची 1955ची मांडणी म्हणूनच मला सहज मोडीत काढता येत नाही.

रंगीत पेन्सिलींनी सारखे शब्द रंगवून स्वतः पडताळणार असाल, तर मत्तय, मार्क आणि लूक शेजारी-शेजारी तीन स्तंभांत छापलेला ग्रीक पाठ घ्या. मराठी भाषांतरावर मोजू नका. वेगळ्या ग्रीक शब्दांना तिथे एकच मराठी शब्द येतो आणि नसलेला सारखेपणा दिसू लागतो.