फाटे मोजून हरणाचं वय कळत नाही

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी बंदुकीने हरणं (इथली पांढऱ्या शेपटीची, म्हणजे व्हाइटटेल) मारायचा हंगाम सुरू होतो. त्या सुमारास आमच्या मराठी ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज फिरतो: ‘मोठा व्हाइटटेल नर हवाय? शिंगांचे फाटे मोजा, तितकी वर्षं वय. बिनफाट्याचा नर जन्मभर तसाच राहतो, तो आधी उडवा म्हणजे कळप सुधारेल. माज पौर्णिमेवर ठरतो. भगवं जॅकेट हरणाला लांबून दिसतं.’ मी शिकार करत नाही. शेजारी करतो, आणि त्याच्या फ्रीजरमधलं मांस आमच्या रश्श्यात पडतं, एवढाच माझा संबंध. तरी चारही गोष्टी चूक आहेत.

वयाच्या घोळात आपल्या भाषेचाही थोडा हात असावा. आपण काळविटाच्या आणि चितळाच्या, दोघांच्याही डोक्यावरच्या ऐवजाला शिंगंच म्हणतो. काळविटाची जन्मभर टिकतात, चितळ-सांबराची गळतात. व्हाइटटेल दुसऱ्या गटातला. हिवाळ्यात शिंगं गळतात, वसंतात मखमली कातडीखाली नवी फुटतात, उन्हाळा सरता सरता नर ती झाडांवर घासून मोकळी करतो. दरवर्षी पाटी कोरी, मग वर्षाला एक फाटा साठणार कुठे? दीड वर्षाच्या खात्यापित्या नराला आठ फाटे असू शकतात आणि म्हाताऱ्याचे कमीही होतात. मारलेल्या हरणाचं वय खालच्या जबड्यातल्या दाढांच्या झिजेवरून काढतात.

बिनफाट्याचा नर आधी उडवा, हा सल्ला मात्र खरं नुकसान करणारा. अशी शिंगं बहुतेक वेळा पहिल्या खेपेची असतात. पिल्लू उशिरा जन्मलं किंवा खायला कमी मिळालं की तसं होतं. पुढच्या वर्षी त्याच डोक्यावर फाटे येतात. राहिला वंशाचा प्रश्न, तर निम्मं देणं मादीचं, आणि तिला शिंगंच नसतात. टेक्ससमध्ये ‘वाईट’ शिंगांचे नर वर्षानुवर्षं वेचून मारून पाहिले, तरी शिंगं काही सुधारली नाहीत. पेनसिल्व्हेनियाने २००२ साली उलटी वाट धरली: एका बाजूला किमान तीन फाटे असल्याशिवाय नर मारायचा नाही, काही भागांत तेव्हा चार. (लहान वयाच्या शिकाऱ्यांना सूट आहे.) त्याआधी मारले जाणारे बहुतेक नर जेमतेम दीड वर्षाचे असत. आता मोठे नर जास्त दिसतात, कारण त्यांना मोठं व्हायला वर्षं मिळतात. शिंगं सर्वांत भरतात ती पाच ते सात वर्षांच्या वयात. म्हणजे मेसेज ऐकून इथे गोळी झाडणारा मोठा माणूस सरळ कायदा मोडतो.

पौर्णिमेचं थोडक्यात. माज दिवस लहान होत जाण्यावर ठरतो, म्हणून इथे तो दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्याला येतो, चंद्र कुठेही असो. साधारण दोनशे दिवसांनी, मे-जूनमध्ये, पिल्लं होतात.

आणि भगवा रंग. हरणाच्या डोळ्यात लाल ओळखणाऱ्या पेशी नाहीत; जॅकेटचा भगवा त्याला आसपासच्या पानांहून फार वेगळा दिसत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला तो दिसावा म्हणूनच या हंगामात कायद्याने सक्तीचा आहे. हरणाला निळा मात्र चांगला दिसतो. शेजारी म्हणूनच जीन्स घरी ठेवतो, आणि जॅकेट कपडे ‘जास्त पांढरे’ करणाऱ्या साबणात धुवत नाही, कारण त्या साबणाची चमकही निळीच.