एवढ्या विषयांचा काय लोणचा घालूचा हा?

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीच्या ग्रुपवर वाद पेटला. इथे जर्मनीत, हायडेलबर्गला ट्रॅममध्ये बसून मी तो वाचत होतो आणि माझा स्टॉप कधी मागे गेला ते कळलंच नाही. तालुक्याच्या कॉलेजात यंदा भूगोल घ्यायला सातच मुलं आली, म्हणून विषय बंद होणार, अशी बातमी कोणीतरी टाकली होती. त्यावर आमच्या आप्पाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, लिहिलं, "बंदच करूक व्हयो. एवढ्या विषयांचा काय लोणचा घालूचा हा?" खाली अंगठ्यांची रांग. एकाने भर घातली की कोकणातल्या पोरांना नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंट आणि आयटीआय पुरे. बाकीची चैन परदेशातल्यांनी करावी.

तो टोला माझ्यासाठीच होता आणि तो मला लागला. पण राग आला तो 'सात' या आकड्याचा.

मी राहतो त्या गावातल्या विद्यापीठात गुंथर सोंथायमर नावाचे प्राध्यापक होते. १९९२ साली वारले. हा जर्मन माणूस धनगरांच्या मागे माळरानं तुडवत हिंडला, त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या, खंडोबाचा आणि बिरोबाचा अभ्यास केला. धनगरांच्या ओव्या शिकायला जर्मनीतली किती पोरं रांग लावून उभी असतील? सात तरी असतील का? तरीही त्या विद्यापीठाने त्यांना खुर्ची दिली, ग्रंथालय दिलं, वर्षानुवर्षं सांभाळलं. आज आपल्या धनगरांवर लिहायचं तर आपल्याच अभ्यासकांना त्यांची पुस्तकं उघडावी लागतात. आप्पाचा हिशोब तिथे लावला असता तर?

माझी मुलगी ऑक्टोबरपासून त्याच विद्यापीठात जाणार आहे. रविवारी सकाळी ब्रोटशेन, म्हणजे इथले छोटे पाव, खाता खाता तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक विषय ७५ टक्के घेता येतो, जोडीला दुसरा २५ टक्के. किंवा दोन्ही निम्मे निम्मे. ती प्रागितिहास आणि मानववंशशास्त्र यांची जुळणी करत होती, मग म्हणाली, नको, इजिप्तविद्या बघते. मी चहाचा कप हातात धरून नुसता बघत राहिलो. बारावीनंतर मला जो फॉर्म मिळाला होता त्यावर दोन चौकोन होते, आर्ट्‌स आणि कॉमर्स.

आता आपल्याकडेही कागदावर सगळं आलंय. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुख्य विषय आहे, दुय्यम विषय आहे, दुसऱ्या विद्याशाखेतला मुक्त ऐच्छिक विषयही आहे. माझा भाचा एफवायला आहे. त्याची मुक्त निवड म्हणजे कॉलेजात जे शिक्षक उरलेत त्यांच्यापैकी कोणाचा तरी वर्ग. मुलं कमी झाली की विषयाचा कार्यभार कमी होतो, कार्यभार नाही म्हणून पद भरत नाहीत, मग तासिका तत्त्वावर कोणीतरी येतो आणि वर्षभरात निघून जातो. जो सर पुढच्या जूनला असेल की नाही ठाऊक नाही, त्याचा विषय पोरं घेतील कशाला? आणि मग आपणच म्हणायचं, बघा, मागणीच नाही.

आप्पाला मला एवढंच विचारायचंय, तुझ्या बागेतले काजू कुठले? वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. ते काय आभाळातून पडले? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात कोणीतरी झाडामागून झाड तपासत, बी मोजत आयुष्य काढलं म्हणून ते तुझ्या बांधावर आले. नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना आंबा तिथेच झाला. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, १९८१ला रत्नागिरीजवळ शिरगावात मत्स्य महाविद्यालय आलं, तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल की मासे धरायला कॉलेज कशाला, आमची रापण आहे ना.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. इथली फी सत्राला दोनशे युरोच्या आसपास, हेही लिहिलं. माझ्या भाच्याला तिच्यावर आणखी पंधराशे भरावे लागतील, कारण तो युरोपबाहेरचा, हे मात्र लिहिलं नाही. ते इथे लिहितो.

आणखी एक लिहायचं राहिलं. मला भूगोल हवा होता. कुडोपीच्या बाजूला आमचा जो सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे, त्यावरच्या कातळात आकृती कोरलेल्या आहेत. त्यावर बसून आम्ही रायवळ आंबे चोखायचो आणि कोयी खाली भिरकावायचो. पावसात त्या रेघांमध्ये पाणी साचायचं आणि कडेने इवली पिवळी फुलं यायची. हे काय आहे, असं विचारलं की आई म्हणायची, पांडवांनी केलंय. कॉलेजात विचारण्यासारखं कोणी नव्हतं. मी बी.कॉम. केलं, पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला, आज वॉलडॉर्फला नोकरी करतो. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, ती बातमी मी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचली आणि जेवण तसंच ठेवून बाहेर येऊन उभा राहिलो.

भूगोल मिळाला असता तर मी गावात राहिलो असतो, असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरं सांगायचं तर मला ते माहीत नाही. कदाचित तरीही गेलो असतो. पण ज्या कातळावर बसलो होतो तो काय आहे, हे माहीत असलेला माणूस म्हणून गेलो असतो. इथे कोणी गावाबद्दल विचारलं की मी समुद्र, मासे आणि आंबे सांगतो. त्यापुढे सांगायला मला कोणी शिकवलंच नाही.

माझ्या लांबलचक मजकुरावर आप्पाचं उत्तर रात्री उशिरा आलं. "बरां लिवलंस. मगे तू कधी येतंस शिकवूक?"

मी अजून काही लिहिलेलं नाही. मुलीने मात्र इजिप्त सोडून प्रागितिहासच धरलाय आणि डिसेंबरात टेप घेऊन सड्यावर जायचं म्हणतेय. वाट दाखवायला आप्पाला सांगू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नको, वाट मला आठवते.