भावजयीचं ताट

गावाच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. "लठ्ठपणा शहरातल्या पोरांचा, आपल्याकडे कुपोषणाचं बोला," असं एका गुरुजींनी लिहिलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात वाढले, आता ॲमस्टरडॅमला राहते. ही दोन दुखणी वेगळी आहेत, हे मला पटत नाही.

माझ्या शेजारच्या आजी अजून भुकेच्या हिवाळ्याबद्दल बोलतात. १९४४-४५ मध्ये जर्मनांनी रसद अडवली आणि इथलं माणशी रोजचं रेशन हजार कॅलरीच्याही खाली गेलं. त्या काळात पोटात असलेली मुलं एकोणीस वर्षांची होऊन सैन्यभरतीला आली, तेव्हाच्या नोंदींचा अभ्यास १९७६ साली छापून आला. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात ज्यांची आई उपाशी राहिली, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त निघाला. शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांत उलट कमी.

म्हणजे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. आमच्याकडे नेमके तेच लपवले जातात, नजर लागते म्हणून.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला गेले तेव्हा भावजयीला तिसरा महिना होता. अंगणवाडीत नाव पाचव्या महिन्यात लागलं. दिवसभर कापूस वेचून आलेली ती सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर बसली. ताटात दीड भाकर, गंजाच्या तळाशी उरलेलं पातळ वरण आणि ठेचा. दूध घरात चहापुरतंच. वर आई म्हणाली, "जास्त खाऊ नोको वं, पोरगं मोठं झालं तं बायतपन जड जाते." प्रेमानंच म्हणाली. तिच्या सासूनं तिला तेच सांगितलं होतं.

पोरगा झाला दोन किलो दोनशेचा. मग घरदार त्याला गुटगुटीत करायच्या मागे लागलं. चहात बुडवलेली बिस्किटं, दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट. माझी खरी भीती इथे आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण कमी पडला होता तो मांसल भाग. चरबी त्या मानाने टिकून होती. आईच्या रक्तात बी-१२ हे दूध, अंडी, मांसातून मिळणारं जीवनसत्त्व कमी आणि फोलेट, म्हणजे गोळीतलं फोलिक, जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलात इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारा बिघाड, जास्त दिसला. आमच्या बायकांना लोह-फोलिकची गोळी मिळते, ती घ्यायलाच हवी. पण जोडीला दूध, दही, अंडं कुठून येणार, हे कोण विचारतं?

इथे मला दिवस गेले तेव्हा सुईणीनं पहिल्याच भेटीत विचारलं, "मांस खात नाही, मग बी-१२ चं काय?" लगेच रक्त तपासलं. इथंही सगळं आलबेल नाही. बाहेरून येऊन वसलेल्या घरांतल्या मुलांत लठ्ठपणा जास्त आहे. पण बाई काय खाते, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जातो.

आपल्याकडे आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. ती तिथेच बसून जेवते, ही त्यातली मोलाची गोष्ट. आमच्या गावात शिधा घरी येतो आणि सगळ्यांत वाटला जातो.

भावजयीला पुन्हा दिवस गेलेत. तिला आधी वाढ, असं मी आईला फोनवर म्हटलं. आई म्हणाली, "मी वाढीन वं, पन तिलेच लाज वाटते." मग भावाशी बोलले. आता तो तिला सोबत घेऊनच जेवायला बसतो. दूध अजून चहापुरतंच आहे.