एन्झाइम हे कोंबडी फुगवण्याचे औषध नव्हे

पुण्यात सध्या मोबाइलवर फिरणारा एक संदेश सांगतो की, ब्रॉयलरच्या खाद्यात एन्झाइम नावाचे हार्मोन मिसळून कोंबडी चाळीस दिवसांत फुगवतात, ते मांसातून आपल्या पोटात जाते आणि त्याच्या जोरावर शेतकरी खराब खाद्यही खपवतात.

एन्झाइम हार्मोन नाही. ते पचन घडवणारे प्रथिन असून त्याचे काम कोंबडीच्या पचनमार्गातच चालते. सर्वाधिक वापरले जाणारे फायटेज घ्या. मका आणि सोयाबीन पेंडीतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवण्याइतके फायटेज कोंबडीकडे नसल्याने त्यातला बराचसा विष्ठेतून वाया जातो आणि कमतरता भरून काढायला डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस पुरवणारे खनिज) विकत घ्यावे लागते. किलोभर खाद्यात ५०० युनिटांच्या आसपास फायटेज मिसळले की अडकलेला बराच फॉस्फरस मोकळा होतो, डीसीपी कमी करता येते आणि शेतात पडणाऱ्या कोंबडीखतातला फॉस्फरसही घटतो.

मग कोंबडी इतक्या लवकर का वाढते? मुख्यतः जातीमुळे. अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५७ आणि २००५ मधील वाण एकाच खाद्यावर वाढवले होते; ५६ दिवसांनी जुन्या वाणाचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम, तर नव्याचे ४,२०२ ग्रॅम भरले.

मांसात एन्झाइम साठून राहण्याचा प्रश्नही येत नाही, कारण इतर प्रथिनांप्रमाणे तेही आतड्यात पचते. खरी काळजी घ्यायची ती खाद्य मिसळणाऱ्या कामगाराची: एन्झाइमची भुकटी सतत श्वासावाटे गेल्यास ॲलर्जी आणि दमा होऊ शकतो, म्हणून मास्क हवाच. या माणसाबद्दल संदेशात चकार शब्द नाही, याचे मला वाईट वाटते.

खराब खाद्याबद्दलचे विधान मात्र शेतकऱ्यांचेच नुकसान करणारे आहे, कारण काही जण त्यावर विश्वास ठेवतात. फायटेज किंवा झायलनेज हे दुसरे एन्झाइम बुरशी लागलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष काढत नाही. तसा मका दिल्यास पक्ष्यांचे यकृत बिघडते, वाढ खुंटते आणि मरही वाढते. खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करताना ८०-८५ अंशांच्या वाफेत साधे एन्झाइम बरेचसे निकामी होते, त्यामुळे उष्णता सोसणारे घ्यावे किंवा पेलेट थंड झाल्यावर द्रवरूपात फवारावे. आणि फायटेज घालूनही जो डीसीपीचे प्रमाण पूर्वीइतकेच ठेवतो, त्याच्या खाद्याचा खर्च कमी होण्याऐवजी वाढतो.