शंभराच्या पुढची गाडी

गेल्या महिन्यात एका रविवारी सांगलीहून भाच्याचा फोन आला आणि पाऊण तास आमचे बोलणे केवळ गाड्यांवर चालले; शेवटी शेवटी दोघांचाही आवाज चढला होता. भाच्याचे मार्केट यार्डात हळदीचे दुकान आहे, धंद्याला बरे दिवस आले आहेत आणि यंदा पहिली मोठी गाडी घ्यायची असे त्याने ठरवले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ ही विजेवरची गाडी उभ्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, मामाच्या बीएमडब्ल्यू ३२०डीला त्यासाठी ६.८ सेकंद लागतात; बीई ६ शोरूमच्या दराने १८ लाख ९० हजारांपासून सुरू झाली आणि हा वेग देणारी मोठ्या बॅटरीची गाडीसुद्धा २७ लाखांच्या आत, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या निम्म्या किमतीत, बसते; तेव्हा युरोपातल्या स्पोर्ट्स सेडानचे दिवस भरले आहेत. "मामा, तुमची बीएमडब्ल्यू आता नुसत्या बिल्ल्याचे पैसे घेते," असे तो म्हणाला, आणि ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही. परवा केअरवोखेची, म्हणजे जिना झाडण्यापुसण्याच्या पाळीची, पाटी आमच्या दाराला लागली होती. जिना पुसता पुसता मी मनातल्या मनात त्याला पुन्हा उत्तर देत होतो.

मी श्टुटगार्टजवळ राहतो आणि गाड्यांचे ब्रेक व सस्पेन्शन यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत चाचणी विभागात काम करतो. त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बीई ६ ही सेडान नव्हे, उंच गाडी आहे, हे मी त्याला लगेच सांगितले. त्यावर त्याने चीनची बीवायडी सील पुढे केली. ती सेडानच आहे, भारतात २०२४ च्या मार्चमध्ये आली, तिचे सर्वांत ताकदवान रूप तेव्हा ५३ लाखांना होते आणि ते १०० चा वेग ३.८ सेकंदांत गाठते. चेन्नईत जुळणी होणारी बीएमडब्ल्यू एम३४०आय त्याला ४.४ सेकंद घेते आणि तिची किंमत कितीतरी पुढे जाते. मग त्याने शाओमीचे नाव घेतले. फोन विकणाऱ्या या कंपनीच्या एसयू७ अल्ट्रा सेडानने २०२५ मध्ये न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या जर्मन शर्यतमार्गावर ७ मिनिटे ४.९५७ सेकंदांत फेरी पूर्ण केली आणि पोर्शच्या टायकानला मागे टाकले. हे सगळे खरे आहे. मी एकही आकडा खोडू शकलो नाही आणि माझी चीड बहुधा त्यामुळेच वाढली.

पण मला जे म्हणायचे होते ते फोनवर नीट मांडता आले नाही. विजेची मोटर उभ्या गाडीतही पूर्ण जोर देते. तिला इंजिनासारखे फेरे वाढण्याची, टर्बो भरण्याची, गिअर बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून उभ्यापासून १०० पर्यंतचा वेग ही आता मोटारगाडीतली सर्वांत स्वस्त गोष्ट झाली आहे. मोठी मोटर आणि मोठी बॅटरी बसवली की तो आकडा मिळतो. ज्या आकड्यासाठी एकेकाळी म्युनिकच्या बीएमडब्ल्यूवाल्यांनी इंजिनावर वर्षानुवर्षे घालवली तो आता बाजारात तयार मिळतो, हे मी मान्य करतो. स्पोर्ट्स सेडानची परीक्षा मात्र १०० च्या पुढे सुरू होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ए८ या महामार्गावरून म्युनिककडे निघालो होतो. उल्म मागे पडले होते, पाऊस नुकताच थांबला होता, वेगाची मर्यादा संपल्याची पाटी गेली होती आणि मी डावीकडच्या लेनमध्ये १७० च्या वेगाने होतो. पुढे एका ट्रकच्या मागून एक व्हॅन सिग्नल न देता माझ्यासमोर आली. मी ब्रेक पूर्ण दाबला. पेडल पायाखाली थरथरले, सीटबेल्टने छाती आवळली, शेजारच्या सीटवरची पाण्याची बाटली पुढे जाऊन आदळली. पण स्टिअरिंग माझ्या हातात तसूभरही हलले नाही. ओल्या रस्त्यावर, किंचित वळणावर, गाडी आखल्यासारखी सरळ राहिली आणि व्हॅनच्या मागे चार-पाच मीटरवर येऊन तिचा वेग जुळला. मागचे चाक हलके होत असताना त्याला जमिनीवर दाबून धरणारी सस्पेन्शनची ती भूमिती, सांध्यांतले ते रबरी बुश, धक्के शोषणारा तो डॅम्पर यांवर कुणीतरी हजारो तास घालवलेले असतात, आणि त्यांतले काही तास माझ्यासारख्यांचे असतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा चौपट होते. १०० वरून थांबणे आणि २०० वरून थांबणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि गाडी दोन टनांची असेल तर दुसरी परीक्षा अधिकच अवघड होते. सीलचे ते ताकदवान रूप दोन टनांहून जड आहे. तिचा ३.८ सेकंदांचा आकडा सगळे सांगतात. २०० च्या वेगावरून दहा वेळा लागोपाठ थांबवल्यावर तापलेल्या ब्रेकचे पेडल किती खाली जाते हे मला सांगा, असे मी भाच्याला म्हणालो.

तो म्हणाला, "मामा, सांगलीत २०० ने जायचे कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, विषय बदलला. मी त्याला इतिहास सांगितला. बीएमडब्ल्यूने मोटारगाडी बनवायला १९२८ साली सुरुवात केली ती आयझेनाखचा कारखाना विकत घेऊन, आणि तिथे बनणारी डिक्सी ही ऑस्टिन सेव्हन या स्वस्त इंग्रजी गाडीची परवान्याने काढलेली आवृत्ती होती. १९५५ मध्ये याच कंपनीने इसेट्टा ही अंड्याच्या आकाराची चिमुकली गाडी काढली, तीही एका इटालियन कंपनीच्या परवान्यावर. १९५९ च्या डिसेंबरात कंपनी डाइमलर-बेंझच्या घशात जाता जाता वाचली. मग १९६२ ची १५०० आली आणि १९७५ मध्ये पहिली थ्री सिरीज. डिक्सीपासून थ्री सिरीजपर्यंत ४७ वर्षे गेली. घडणीला वेळ लागतो, असे मला सिद्ध करायचे होते. भाच्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे बीएमडब्ल्यूसुद्धा आधी दुसऱ्याची स्वस्त गाडीच बनवत होती ना?"

इथे मी ह्युंदाई-किआचा दाखला दिला आणि तो अर्धाच दिला, हे आता कबूल करतो. बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्या घडवणाऱ्या एम विभागाचे अभियंते आल्बर्ट बीअरमान २०१५ मध्ये ह्युंदाईत गेले, त्याआधी २००६ मध्ये ऑडी टीटीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते डिझायनर पेटर श्रायर किआत गेले होते, आणि २०१७ मध्ये किआ स्टिंगर आली. मागच्या चाकांवर चालणारी, न्यूरबुर्गरिंगवर घासूनपुसून तयार केलेली ती सेडान चालवणाऱ्यांनी वाखाणली, पण काही वर्षांतच तिचे उत्पादन बंद झाले. बघ, कसब विकत घेतले तरी गिऱ्हाईक विकत घेता येत नाही, असे मी भाच्याला ऐकवले. ह्युंदाईची आयोनिक ५ एन मात्र मी मुद्दाम वगळली. बीअरमान यांच्या हाताखाली सुरू झालेल्या त्याच परंपरेतली ही विजेवरची गाडी २०२४ साली वर्ल्ड परफॉर्मन्स कार ठरली. आमच्या चाचणी विभागात ती आठवडाभर होती आणि परत पाठवायच्या दिवशी तिच्या किल्लीसाठी जेवणाच्या सुट्टीत रांग लागली होती. त्या रांगेत मीही उभा होतो. तिचे ब्रेक मी माझ्या पायाने तपासले होते आणि त्यांत मला काढण्यासारखी खोट सापडली नव्हती.

किमतीबद्दल मात्र मी माझ्या जागेवरून हलणार नाही. भारतात पूर्ण बांधून येणाऱ्या महागड्या परदेशी गाडीवर तिच्या किमतीइतके शुल्क बसत आले आहे, आणि चेन्नईत जुळणी झालेल्या गाडीच्या सुट्या भागांवरही कर असतोच. "निम्म्या किमतीत" असे म्हणताना भाचा बीएमडब्ल्यूची तुलना महिंद्राशी करत नसून बऱ्याच अंशी सरकारच्या करधोरणाशी करत आहे. इथे जर्मनीत माझ्या ओळखीतले निम्मे लोक थ्री सिरीज किंवा ऑडीची ए४ कंपनीच्या लीझिंगवर चालवतात, तीन वर्षांनी परत देतात आणि त्याबद्दल कुणी मान वळवून पाहतही नाही.

रस्त्यांचा प्रश्न उरतो. मागच्या डिसेंबरात तासगावहून पलूसला एका लग्नाला जाताना मित्राने आपली जर्मन सेडान मोठ्या हौसेने माझ्या हाती दिली. अंधार पडत होता. एका वस्तीजवळ पट्टे न मारलेला गतिरोधक होता, तो मला दिसला तेव्हा उशीर झाला होता. वेग तीसच्या आत असूनही गाडीचे पोट त्यावरून घासत गेले, आणि तो आवाज माझ्या दाताखाली खडा आल्यासारखा मला जाणवला. उतरून मोबाईलच्या उजेडात खाली पाहिले तर प्लॅस्टिकचे आवरण एका बाजूने लोंबत होते. मागून येणारे दाजी त्यांच्या उंच, चौदा लाखांच्या गाडीतून तोच गतिरोधक सहज ओलांडून आले आणि काच खाली करून म्हणाले, "बसा आमच्यात." ते प्रेमानेच म्हणाले. मी मात्र उरलेला रस्ता मित्राची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात हाकत गेलो.

आता त्या फोनमधल्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. बोलण्याच्या भरात मी भाच्याला म्हणालो होतो, "आम्ही गाडी १०० च्या पुढे तपासतो." फोन स्पीकरवर होता. ताई मागून म्हणाली, "अरे, आम्ही म्हणजे कोण?" ती रागावलेली नव्हती, तिला खरोखरच कळले नव्हते. मराठीत आम्ही आणि आपण असे दोन शब्द आहेत आणि बोलणाऱ्याला त्यांतला एक निवडावाच लागतो. जर्मनमध्ये या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दाच्या आडोशाने मी एकोणीस वर्षे काढली. कॅन्टीनमध्ये चिनी गाड्यांवरून हसणे चालते तेव्हा सहकारी "आमच्याकडे असे होत नाही" म्हणतात. त्यांच्या त्या "आमच्या"त मी आहे असे धरून मीही हसतो. पण भारतातून आलेल्या ओतकामाच्या एका खेपेत सच्छिद्रता निघाली तेव्हा त्याच टेबलावरच्या एकाने माझ्याकडे वळून विचारले की तुमच्याकडे हे नेहमीचेच का. त्या दिवशी मी कुणाच्या बाजूने बोललो हे मला आठवते, आणि ते इथे लिहायला जड जाते. मी म्हणालो, हो, नेहमीचेच.

माझे वडील, अण्णा, पलूस परिसरातल्या एका छोट्या कारखान्यात टर्नर होते. पंपाचे शाफ्ट ते लेथवर उतरवत आणि घरी येताना खिशात मायक्रोमीटर घेऊन येत, कारण तो कारखान्यात ठेवला तर दुसरा कुणी हाताळेल अशी त्यांना धास्ती होती. लहानपणी ते मला किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगत. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर तो कारखाना उभा राहिला; पण त्याआधी, बेळगावात असताना, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकायला घेतला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घ्यायला भीत, आणि ज्याला परवडे तो विलायती नांगरच बरा म्हणे. अण्णा ही गोष्ट हसत सांगत नसत. ज्याने विलायती नांगर हाताळला आहे त्याला गावचा नांगर हलका वाटणे साहजिक आहे, असे ते म्हणत, आणि मग किर्लोस्करांचा फाळ विलायती फाळाशेजारी ठेवून कुणी मोजला का, असे विचारत. भाच्याशी बोलताना मी बीई ६ चे एकही माप घेतलेले नव्हते. मी तिच्यात बसलेलोही नाही. अण्णांच्या मुलाने वाद घातला तो न मोजता, आणि ही गोष्ट मला भाच्याच्या त्या वाक्याहून जास्त लागली.

म्हणून दुसऱ्या रविवारी मी फोन केला आणि टेस्ट ड्राइव्हला काय पाहायचे ते सांगितले. ६.७ सेकंद विसर, आंबा गावाहून साखरप्याकडे घाट उतर आणि खाली आल्यावर पेडल पहिल्याइतकेच घट्ट आहे का ते बघ, असे म्हणालो. भाचा म्हणाला की घाट तो आधीच उतरून आला होता, आणि बहुतेक वळणांवर त्याला ब्रेकला पाय लावावाच लागला नव्हता. पाय उचलला की मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरत होती आणि गाडी आपोआप आवरत होती. खाली उतरल्यावर त्याने चाकाजवळ हात नेऊन पाहिला, डिस्क कोमटसुद्धा नव्हती. मी ज्या परीक्षेवर उभे आयुष्य काढले ती परीक्षा त्या घाटात त्या गाडीला द्यावीच लागली नाही. २०० वरून थांबण्याचा माझा मुद्दा तसाच राहतो, स्टिअरिंगचाही राहतो, आणि जर्मनीच्या रस्त्यावर मी आजही थ्री सिरीजच घेईन. त्याला मी एवढेच विचारले की घाटमाथ्यावर बॅटरी किती भरलेली होती. साठ टक्के, तो म्हणाला. मी सांगितले की पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती ऊर्जा मावत नाही आणि मग सगळा भार डिस्कवर येतो. घाट उतरायचा असेल त्या दिवशी ऐंशीच्या वर चार्ज करू नकोस. त्याने ते लिहून घेतले आणि डिसेंबरात किती तारखेला येणार ते विचारले.