"काय नाय होत ताई" म्हणे!

दसरा सरला की आमच्या रत्नागिरीत घरं धुवायचा सपाटा सुरू होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ चढणारच, भिंती काळ्या पडणारच. धुवा की, कोण नको म्हणतंय? पण मागच्या दारी हौद आहे, त्यात मासे आहेत, हे कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी जो ढिम्म हलत नाही, त्या कंत्राटदाराचं करायचं तरी काय?

"काय नाय होत ताई, पातळ करून मारतो." अरे, पातळ म्हणजे किती पातळ? पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं असं आपलं मानक सांगतं. नळाचं ते पाणीसुद्धा आम्ही पिंपात रात्रभर उघडं ठेवतो, मगच हौदात सोडतो, कारण क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. आणि हा बाबा ब्लीचिंग पावडर बादलीत मगाने कालवतोय! वर त्याचा पोरगा त्याच बादलीत अ‍ॅसिड ओतायला निघाला, "स्ट्राँग होतं" म्हणून. स्ट्राँग कसलं, त्यातून क्लोरीन वायू निघतो, माशांच्या आधी तूच आडवा होशील! बादली हिसकावून घेतली तर माझ्याकडेच असं बघतात, जशी मीच वेडी.

हौद झाकला, हे मान्य. कसा? निळी ताडपत्री चारी बाजूंनी विटा ठेवून गच्च. आणि हवेच्या मोटरचा प्लग काढून तिथे स्वतःचं प्रेशर मशीन लावलेलं. ऐन दुपारी. आता त्या पाण्यात हवा कुठून जाणार?

खरा कहर पुढेच. आमच्या पन्हळीचा पाइप थेट हौदात उतरतो, पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून. तो पाइप दाखवला होता, एल्बो फिरवून तोंड अंगणातल्या गटाराकडे करा म्हटलं होतं. दोन मिनिटांचं काम. केलं? नाही. कौलांवर मारलेलं सगळं ब्लीच पन्हळीतून ताडपत्रीखाली. वरून हौद कसा झाकलेला, छान दिसत होता!

ताडपत्री उचलली तर गप्पी पृष्ठभागाला येऊन तोंडं वासत होते, कित्येक उलटे पडलेले. घरात हायपो होता, क्लोरीन मारणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे, तो विरघळवून ओतला म्हणून काही तगले. मोठे दोन कोई मासे गेले. यावर साहेबांचं उत्तर काय, तर "गप्पी काय ताई, हिवताप ऑफिसात फुकट मिळतात." मिळतात ना! डासांच्या अळ्या खातात म्हणून देतात ते, तुझ्या ब्लीचची चव बघायला नव्हे. आणि कोई कुठल्या ऑफिसात मिळतो ते पण सांग.

बरं, हे विष लागतंच कशाला? हौदाच्या बाजूची भिंत साध्या पाण्याने आणि तारेच्या ब्रशने घासली असती तरी शेवाळ निघालं असतं. पण घासायला हात दुखतात ना, केमिकल मारून मोकळं व्हायचं.

आणि बिल आलंय. त्यात "केमिकल चार्ज" वेगळा लावलाय. तो रुपयासुद्धा देणार नाही, कोणाला पाठवायचं त्याला पाठवा.